पाणी उपसले आणि माती आंबट झाली: एका खाजन शेताचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यात जुवारीच्या एका फाट्यावर काकांचे खाजन आहे. २५,००० चौरस मीटर, म्हणजे अडीच हेक्टर, कूळ म्हणून वडिलांपासून चालत आलेले. गावाचे नाव आणि वर्ष मुद्दाम सांगत नाही, माणसांनाही नात्यानेच ओळखू. काका सत्तरीच्या पुढचे, त्यांचा पुतण्या तिशीतला, आणि तिसरा मानशीचा ठेकेदार. चौथा मी. मातीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो आणि आता कुणी विचारले तर सल्ला देतो. काका-पुतण्या म्हटले की मराठी माणसाला शनिवारवाडा आठवतो, पण इथे तसले काही नव्हते. दोघांचे एकमेकांवाचून पान हलत नाही. उलट घोटाळा त्या मायेतूनच झाला, कारण काकांनी पुतण्याला एकदाही ठामपणे ‘नको’ म्हटले नाही.

खाजन ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाडीकाठची खारफुटीची दलदल पूर्वजांनी मातीचे बांध घालून शेतीखाली आणली, ते खाजन. गोव्यात अशी जमीन साधारण १७ ते १८ हजार हेक्टर आहे. शेत भरतीच्या पातळीखाली असते. बांधात एक दार असते, ती मानस. तिच्या लाकडी झडपा भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. आत पोंय असते, पाणी साठवणारी खोलगट नाळ. पावसाळ्यात पडणारे सुमारे ३,००० मिलिमीटर पाणी वरच्या थरातले मीठ धुऊन नेते आणि कोरगूट, आसगो असले खारे सोसणारे भात येते. कापणी झाली की मानशीतून खारे पाणी आत घेतात आणि शेतात मासळी, सुंगटे (कोळंबी) खेळतात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क दर वर्षी लिलावात जातो. ठेकेदार तो.

बांधांची देखभाल पूर्वी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, करायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघाकडे आली. काही गावांत संघांनी ती नेटाने केली, काही गावांत सगळ्यांची म्हणून कुणाचीच राहिली नाही. काकांच्या खाजनाची मानस अशीच एका पावसाळ्यात मोडली, खारे पाणी बेताल आत येऊ लागले आणि जमीन ११ वर्षे पडीक राहिली. कडेला खारफुटीची रोपे उभी राहिली होती.

पुतण्याने पाहिलेली माती

पुतण्या सहा वर्षे अमेरिकेत होता, ओहायोच्या वायव्य भागात, शेतातला निचरा करून देणाऱ्या एका ठेकेदाराकडे. तो भाग म्हणजे हिमयुगाच्या शेवटी साचलेल्या एका भल्यामोठ्या तळ्याचा तळ. बर्फाची चादर मागे सरली, तिचे वितळलेले पाणी अडले आणि त्या संथ पाण्यात शेकडो वर्षे गाळ बसत राहिला. उन्हाळ्यात जरा भरड गाळ, हिवाळ्यात वर बर्फ धरले की तळाशी बारीक चिकणमाती, असे वर्षावर्षाचे पदर. तळे आटल्यावर जी जमीन मिळाली ती परातीसारखी सपाट. राखाडी, चिवट, पाणी धरून ठेवणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ नावाची दलदल होती आणि लोक जुन्या तळ्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या उंचवट्यांवरून ये-जा करत. पुढे गावोगावी भट्ट्या लावून मातीच्या नळ्या भाजल्या गेल्या, त्या जमिनीखाली पुरल्या, चर खणून पाणी काढले आणि दलदलीचा मका-सोयाबीनचा मुलूख झाला. आज भाजलेल्या नळ्यांच्या जागी भोके पाडलेला प्लास्टिकचा पन्हाळीदार पाइप असतो. पुतण्या तो पाइप यंत्राने पुरायचा. त्याच्या डोळ्यांसमोर ओल्याचिंब शेताचे एका हंगामात सोने झाले होते, एकदा नव्हे, शंभरदा.

असा माणूस गावी येतो, काकांच्या पडीक खाजनात गुडघाभर चिखलात उभा राहतो आणि फावडे मारतो. हाताला काय लागते? सपाट जमीन, राखाडी चिवट माती, पाणी. “काका, ही तर तीच माती आहे,” असे तो म्हणाला. तेव्हा मी तिथे नव्हतो. असतो तरी हो म्हटले असते, असे आता वाटते.

अडचण काय होती

पुतण्याचा बेत सरळ होता. मानस दुरुस्त करायची, जेसीबीने चार फूट खोल चर मारायचे, तळाशी पाइप घालायचा, पाणी एका खड्ड्यात आणून पंपाने पोंयीत टाकायचे. चरातून निघालेली माती मधल्या पट्ट्यांवर पसरून उंच वाफे करायचे. मग हिवाळ्यात तांबडी भाजी, मुळा, अळसांदे, मिरची आणि पुढच्या वर्षी कलिंगड. भाताच्या एका पिकात काय मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि गोव्यातली भाजी कुठून येते हेही.

डिसेंबरात त्याने मृदा आरोग्य पत्रिकेचा फोटो मला पाठवला. सामू, म्हणजे पीएच, ५.७; तो ७ च्या जितका खाली तितकी माती आंबट. क्षार भातासाठी चालण्याजोगे, भाजीसाठी जास्त, पण निचरा केला की धुऊन जातील असे. सेंद्रिय कर्ब भरपूर. मी पत्रिका वाचली आणि फोनवर म्हटले, “मीठ काढता आले तर होईल. आधी थोड्या जागेत करून बघा.”

या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण तो, आणि तो माझ्या हातून निसटला. पत्रिकेसाठी नमुना घेतात तो वरच्या १५ सेंटिमीटरचा. चर जाणार होते १२० सेंटिमीटर. ज्या मातीला आम्ही वर आणणार होतो, तिच्याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नव्हते. तीस वर्षे माती तपासलेल्या माणसाला हे सुचायला हवे होते. ‘थोड्या जागेत करा’ एवढे मात्र बोललो, त्याने नुकसान आवरले.

काका काय म्हणत होते तेही इथेच नोंदवतो. ते म्हणाले होते, “खाजनाचे पोट उघडे टाकू नये. माझे वडील नांगरसुद्धा वीतभरापेक्षा खोल घालू देत नसत.” का, असे पुतण्याने विचारले. काकांना सांगता आले नाही. “तसेच करायचे असते,” एवढेच त्यांचे उत्तर. पुतण्याने ते जुन्या माणसाची सवय म्हणून ऐकले आणि सोडून दिले.

जानेवारीत ४,००० चौरस मीटरवर काम झाले. चरातून निघालेली माती निळसर करडी, लोण्यासारखी, सडक्या अंड्याच्या वासाची. वाफ्यांवर तिचा सरासरी फूटभर थर बसला. फेब्रुवारी, मार्चमध्ये ती वाळली आणि भेगाळली. मिरचीची रोपे लावली ती आठवड्याभरात माना टाकून बसली. मिठाचा परिणाम असेल असे समजून गोडे पाणी दिले, दुसरी रोपे लावली, तीही गेली. एप्रिलमध्ये भेगांच्या कडांवर पिवळट रेघा दिसू लागल्या, वाळक्या गवताच्या रंगाच्या. पुतण्याला ते गंधक वाटले. फार चुकले नव्हते त्याचे. पाइपच्या तोंडाशी तांबूस बुळबुळीत साका जमून पाणी अडू लागले.

मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी चरातले पाणी आरशासारखे नितळ झाले. खाजनातले पाणी कधी नितळ नसते. पुतण्याने त्याचा फोटो काढून ‘पाणी साफ झाले’ असे लिहून मला पाठवला. त्या फोटोने माझी झोप उडाली. चिखलाचे पाणी एकाएकी नितळते तेव्हा त्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम विरघळलेले असते, ते गाळाचे कण एकत्र बांधून तळाशी बसवते, आणि अ‍ॅल्युमिनियम मातीतून सुटते ते कडक आम्लात. मी निघून पोहोचेपर्यंत पोंयीत शेवटे आणि काळुंद्रे उलटे तरंगत होते आणि मानशीवर ठेकेदार वीस माणसे जमवून उभा होता. शेतात विष घातले, असे त्याचे म्हणणे. मिरचीवर फवारलेले औषध पाण्यात उतरले असावे असा त्याला संशय होता. औषध फवारलेच नव्हते, पण त्याचे मासे तर मेले होते.

निदान

माझ्या पिशवीत सामूच्या पट्ट्या आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली होती. चरातल्या पाण्याचा सामू ३.२. वाफ्यांवरच्या वाळलेल्या मातीचा ३.३. मग न उकरलेल्या बाजूला हाताने खड्डा घेतला. वरचा थर ५.६, पत्रिकेने सांगितला तसाच. पंचावन्न सेंटिमीटरवर निळी माती सुरू झाली, तिचा सामू ६.९.

हा ६.९ आकडाच माणसाला फसवतो. खोल गेले की माती सुधारते असे वाटते. त्याच निळ्या मातीच्या सुपारीएवढ्या गोळ्यावर पेरॉक्साइड ओतले तर ती दुधासारखी उतू गेली, वाफ निघाली आणि थंड झाल्यावर सामू भरला २ च्या जवळ.

त्या मातीत पायराइट होते, लोह आणि गंधकाचे संयुग. ते तिथे कसे आले हे समजले की पुढचे सगळे समजते. भरतीचे पाणी सल्फेट आणते. गोव्याच्या जांभ्या डोंगरांतून वाहून आलेल्या गाळात लोह हवे तेवढे असते. खारफुटीची पाने-मुळे सडून जिवाणूंना खाद्य मिळते. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून जिवाणू सल्फेटमधला प्राणवायू ओढून घेतात, सल्फाइड तयार होते आणि ते लोहाशी जुळून पायराइटच्या बारीक कणांत बसते. पाण्याखाली ते हजारो वर्षे निवांत राहते. हवा लागली की त्याचे गंधकाम्ल होते. पिवळट रेघा जॅरोसाइट या खनिजाच्या होत्या, त्या क्रियेची खूणच ती. केरळात कुट्टनाडच्या करी जमिनी याच जातीच्या आहेत.

ती माती आणि ही माती

त्या रात्री काकांच्या पडवीत पुतण्याने जुन्या नोकरीतला एक कागद काढला. ज्या शेतांत त्याने सर्वांत जास्त पाइप पुरले त्या मातीचे वर्णन. टोलीडो नावाची माती, तिथल्या तळ्याच्या सपाटीवरची. अमेरिकी मृदा वर्गीकरणातले तिचे लांबलचक नाव त्यावर छापलेले होते: फाइन, इलिटिक, नॉनअ‍ॅसिड, मेसिक, मॉलिक एन्डोअ‍ॅक्वेप्ट्स. असल्या नावांना विद्यार्थी घाबरतात, पण ती जन्मपत्रिकेसारखी असतात, शेवटून वाचायची. ‘एप्ट’ म्हणजे अजून फारशी न मुरलेली माती. ‘अ‍ॅक्व’ म्हणजे पाण्याने भरलेली. ‘एन्डो’ म्हणजे ते पाणी खालूनच भरलेले, वर अडकून राहिलेले नव्हे. ‘मॉलिक’ म्हणजे वरचा थर काळसर, मऊ, सकस. ‘मेसिक’ हे मातीचे सरासरी तापमान, वर्षाला ८ ते १५ अंश. ‘इलिटिक’ हा चिकणमातीतल्या मुख्य खनिजाचा प्रकार, ‘फाइन’ म्हणजे चिकणमाती ३५ टक्क्यांहून जास्त. आणि मधोमध तो शब्द, नॉनअ‍ॅसिड. आम्लधर्मी नाही.

पुतण्याने सहा वर्षे तो कागद खिशात बाळगला होता. त्या शब्दाकडे त्याचे लक्ष गेले नव्हते, कारण तिथे कुणालाच त्याची फिकीर करावी लागत नाही.

का लागत नाही? कारण ते तळे गोड्या पाण्याचे होते. समुद्राचे सल्फेट नव्हते, खारफुटी नव्हती. शिवाय त्या भागातला खडक चुनखडी आणि डोलोमाइटचा. हिमनदीने तो दळला आणि पीठ तळ्यात आणून टाकले, म्हणून त्या मातीच्या खालच्या थरांत चुना आहे. थोडेफार आम्ल झालेच तर तो गिळून टाकतो. अशा मातीतले पाणी हा नुसता अडथळा असतो, काढले की मुळांना हवा मिळते. आणखी पश्चिमेला, अगासिझ नावाच्या त्याहून प्रचंड हिमतळ्याच्या तळाशी, फार्गो नावाची माती आहे. तीही सपाट, ओली, चुनखडीयुक्त, आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. वर्गीकरणात ती आपल्या देशावरच्या काळ्या कापसाच्या मातीच्याच गणात, व्हर्टिसॉलमध्ये, बसते. हे सांगितल्यावर काका पहिल्यांदा हसले. “म्हणजे सोलापूरची बहीण अमेरिकेत?” म्हणाले.

काकांच्या न उकरलेल्या खाजनाला त्याच पद्धतीने नाव द्यायचे तर त्यात ‘सल्फिक’ हे विशेषण येईल: पहिल्या एक मीटरच्या आत सल्फाइडचे द्रव्य आहे, सांभाळा. ते पन्नास सेंटिमीटरच्या आत असते तर विशेषणावर न भागता नावच सल्फाक्वेंट झाले असते. उकरून वाळवलेला पट्टा, जिथे आम्ल प्रत्यक्ष तयार झाले, तो सल्फाक्वेप्ट. माणसाने आणून टाकलेल्या थराला असे नाव देता येते का, यावर वर्गीकरणाचे पंडित हरकत घेतील. घेऊ द्या. मला इतकेच दिसले की जानेवारी ते मे या पाच महिन्यांत आम्ही एका जातीची माती दुसऱ्या जातीत ढकलली होती.

गोव्यातला शेतकरीही वर्गीकरण करतो: डोंगरउताराची मोरड, किनाऱ्याची वाळवट खेर आणि खाजन. तीन शब्द, पण प्रत्येकात जमिनीशी कसे वागायचे ते येते. काकांना ‘का’ सांगता आले नाही तरी ‘खाजन’ म्हणताना ते जे सांगत होते ते हेच. सरकारी मृदा नकाशे राज्यपातळीवर १:२,५०,००० या प्रमाणात असतात, एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. त्यात काकांचे शेत टाचणीच्या टोकाएवढेही दिसत नाही.

पर्याय

मृग लागायला बारा दिवस होते. जोराचा पाऊस आला की वाफ्यांतले आम्ल धुऊन पोंयीत, पोंयीतून शेजाऱ्यांच्या शेतांत आणि नदीत जाणार.

पहिला पर्याय चुना. हिशेब सोपा आहे. गंधकाच्या ३२ भागांतून होणारे आम्ल मारायला १०० भाग कॅल्शियम कार्बोनेट लागते. बाहेरच्या प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्याप्रमाणे निळ्या मातीत सल्फाइडचे गंधक १.२ टक्के होते. ४,००० चौरस मीटरवर ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे १,२०० घनमीटर, कोरड्या वजनात अंदाजे तेवढेच टन. गंधक १४.४ टन, त्याला चुना ४५ टन, आणि मातीत चुना कधीच सारखा मिसळत नाही म्हणून दीडपट धरला तर ६७ टन. दहा टनी सात ट्रक. खाजनाच्या बांधावर ट्रक जात नाही.

दुसरा, पावसाला धुऊ देणे. पुतण्याच्या ओळखीच्या एका जाणत्याने हाच सुचवला: दोन-तीन पावसाळे जाऊ देत, आम्ल निघून जाईल. निघून जाईल हे खरे. पण कुठे, हा प्रश्न ठेकेदाराने विचारला, आणि त्याचा हक्क होता.

तिसरा पर्याय एका दलालाने पाठवला होता. जांभ्याची माती टाकून भराव घाला, पुढचे आम्ही बघतो. भरावाखाली आम्ल दडपले जाईल असेही त्याने कुठूनसे ऐकले होते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना वेगळे संरक्षण आहे आणि तिथे विकासकामांना मनाई आहे. काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही, आणि आमच्या गावाकडे हे फार झाले.

चौथा, सगळे खारफुटीवर सोडून देणे. मातीच्या दृष्टीने हा उत्तम, आणि मी तो गंभीरपणे मांडला. पण काकांना त्यांच्या डोळ्यांदेखत तिथे एकदा तरी भात हवे होते. हे शास्त्रीय कारण नव्हे, पण शेत त्यांचे होते.

पाचवा, पाणी परत आणणे. उकरलेली माती चरात परत भरायची, तिच्यावर पाणी ठेवायचे म्हणजे उरलेल्या पायराइटला हवा मिळणार नाही. मग चुना लागेल तो फक्त आधीच तयार झालेल्या आम्लापुरता. याची किंमत म्हणजे पुतण्याचा सगळा बेत, पाइपसकट.

ठरवताना अडकलो ते एका मुद्द्यावर. शेतात पाणी धरायचे ते पावसाचे गोडे की नदीचे खारे? गोड्या पाण्याने मीठ वाढणार नाही आणि त्याच वर्षी भात घेता येईल. खाऱ्या पाण्यात स्वतःची थोडी आम्ल मारण्याची ताकद असते, शिवाय ते लगेच हाताशी होते, पाऊस मात्र आठवड्याने. पुतण्या गोड्याच्या बाजूचा, मी खाऱ्याच्या. काका म्हणाले, “या वर्षीचे भात गेलेच आहे असे समजा.” त्यावर वाद मिटला.

केले ते

पाइप उपसले. वाफ्यांच्या आतली, अजून न वाळलेली निळी माती आधी चरांच्या तळाशी, मग पिवळी पडलेली, आणि सर्वांत वर मूळची वरची तपकिरी माती. दर थरावर बारीक दळलेला चुनखडीचा भुगा. ठेकेदाराने शिंपल्यांचा चुना स्वस्तात मिळवून देतो म्हटले होते, पण भाजलेला चुना सामू एकदम चढवतो आणि मासे त्यानेही मरतात. न भाजलेले शिंपले फोडून टाकले तर त्यांच्यावर गंज आणि जिप्समचे कवच बसून ते निकामी होतात. भुगा १२ टन आला, टेम्पोने रस्त्यापर्यंत आणि तिथून डोक्यावरून. पुतण्याच्या मित्रांनी तीन दिवस पोती वाहिली. जून लागला तेव्हा शेत पुन्हा सपाट झाले होते.

देवळाच्या मंडपात कूळ संघाची बैठक झाली. तिथे जे ठरले ते या प्रकरणातले सर्वांत शहाणे काम, आणि ते माझ्या डोक्यातून आले नाही. काकांनी मानशीच्या झडपांचा ताबा ठेकेदाराला दिला. शेतातले पाणी बाहेर कधी सोडायचे हे तो ठरवेल. मी त्याला सामूच्या पट्ट्यांची डबी दिली आणि एकच अट सांगितली: साडेपाचाच्या वर आले तरच, ओहोटीला, तेही नदीला पूर असताना थोडे थोडे. ज्याला आमच्यावर विश्वास नव्हता त्याच्याच हातात मोजमाप गेले. जुलैत तो मला रात्री साडेदहाला फोन करून पट्टीचा रंग सांगायचा. मेलेल्या मासळीबद्दल काकांनी त्याला काही रक्कम दिली, किती ते दोघांनाच माहीत.

निष्पन्न

जूनमध्ये मी निळ्या मातीचा एक गोळा झाकण अर्धवट उघडलेल्या आइस्क्रीमच्या डब्यात, ओलसर ठेवून, खिडकीत ठेवला होता. वर्गीकरणातली खात्रीची चाचणी तीच आहे. पेरॉक्साइड घाई करते, डबा निसर्गाच्या गतीने सांगतो. आठ आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याचा सामू २.९ भरला. सुरुवातीला ६.९ होता. सगळे निस्तरल्यावर आलेला हा पुरावा पाहून पुतण्या म्हणाला, “डिसेंबरात एक डबा ठेवला असता तर फेब्रुवारीत कळले असते.” डब्याची किंमत शून्य रुपये, आइस्क्रीम घरच्यांनी आधीच संपवलेले.

पहिला पावसाळा नुसता पाण्याखाली गेला. दुसऱ्या वर्षी त्या ४,००० चौरस मीटरवर वरच्या थराचा सामू ४.९ होता. काकांनी कोरगूट फेकले. चारपैकी तीन भागांत आले, शेजारच्या चांगल्या खाजनाच्या निम्म्याने. दाणा हलका, पण काकांनी त्याची उकड्या तांदळाची पेज सगळ्यांना पाजली. चौथा भाग, जिथे जेसीबीने रिकामे होण्यासाठी ढीग टाकला होता, आजही उजाड आहे. तिथे फक्त लव्हाळा उगवतो. उरलेल्या दोन हेक्टरवर, जिथे हातच लावला नव्हता, मानस दुरुस्त होणे एवढेच पुरले. तिथे पहिल्याच वर्षी भात आले असते असे आता वाटते. म्हणजे पुतण्याच्या योजनेतले पहिले वाक्य बरोबर होते, तिथेच थांबायला हवे होते.

आता पुन्हा करायचे झाले तर

पत्रिकेचा फोटो आला की मी आधी खोली विचारतो. खणणार किती, आणि नमुना कुठला? या दोन आकड्यांत फरक असेल तर पत्रिका बाजूला ठेवतो. खड्डा घ्यायचा तो नियोजित चरापेक्षा वीतभर खोल, आणि दर वीतभराचा गोळा वेगळ्या डब्यात, ओला असतानाच सामू घेऊन.

वर्गीकरणाबद्दल माझा समज बदलला. नोकरीत असताना ती नावे मी अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचो आणि पुढे कधी वाचत नसे. पुतण्याच्या कागदावर एक शब्द होता, काकांच्या तोंडी एक शब्द होता, आणि दोन्ही एकमेकांसमोर ठेवायला कुणी बसले नाही. मी बसायला हवे होते, फोनवर न उरकता.

काकांना ‘का’ विचारून उत्तर न आल्यावर पुतण्या पुढे गेला, यात त्याला दोष द्यावासा वाटत नाही. पण वडील वीतभरापेक्षा खोल नांगर का घालू देत नसत, हे तपासण्याजोगे होते. एका फावड्याने तपासता आले असते.

निर्णय चुकले त्यांत एक निर्णय बरोबर ठरला, तो म्हणजे आधी ४,००० चौरस मीटरच घेणे. संपूर्ण अडीच हेक्टर उकरले असते तर चुना ६७ टनांऐवजी चारशेच्या घरात गेला असता, आणि मृगाला तो हिशेब कळत नाही.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावच्या एकाने सुंगटांसाठी खाजनात तळे खणायचे म्हणून पुतण्याला गाठले. जेसीबीवाल्याशी भाव ठरला होता. पुतण्याने त्याच्याकडून चार गोळे माती मागवली. काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आता चार डबे आहेत, झाकणावर खोली आणि तारीख लिहिलेली. काकींची कुरकूर चालू आहे, वास येतो म्हणून. पाच आठवडे झालेत. तळेवाला रोज फोन करतो.